मंगळवारची गाडी

एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी, सव्वाअकराला, आमच्या वाडीत पुस्तकांची गाडी यायची. सव्वाअकरा हे वेळापत्रकातलं. पावसाळ्यात एक वाजायचा आणि शिमग्यात ती यायचीच नाही. पिंपळाच्या पाराशी उभी राहिली की ड्रायव्हरकाका दोनदा हॉर्न द्यायचे. म्हावऱ्याची, म्हणजे मासळीची, रिक्षा तीनदा देते, म्हणून यांचे दोन. माझं शिलाई मशीन खिडकीपाशीच आहे. दोन हॉर्न ऐकले की हातातलं ब्लाउज सुईखाली तसंच सोडून मी पायऱ्या उतरायची. मागून सासूबाई ओरडायच्या, "माझं पन बघ गो, भुताचं असलं तर!" सासूबाईंना वाचता येत नव्हतं. भुताचं आणायचं ते रात्री कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला.

ही गाडी 2023 च्या मार्चअखेर बंद झाली आणि 2024 च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाली. मधल्या दहा-अकरा महिन्यांत आम्ही काय काय केलं, त्यातलं काय फुकट गेलं आणि काय लागू पडलं, ते लिहिते आहे. शेजारच्या तालुक्यातल्या दोघीतिघींनी विचारलं म्हणूनही.

मी लालबागच्या चाळीतली. 1998 ला लग्न होऊन कोकणात आले, घाटाच्या पायथ्याशी. इथे पेपर दुपारच्या एसटीने यायचा आणि सरपंचांच्या ओटीवर उघडायचा. पुस्तक म्हणजे पोथी, नाहीतर गणपतीला आलेल्या कुणा चाकरमान्याने मागे टाकलेला दिवाळी अंक. 2008 ला गाडी आली. टेम्पोवर बंद बॉडी बांधलेली, आत दोन्ही अंगांना फळ्या. त्या फळ्या पुढच्या बाजूने बोटभर वर उचललेल्या होत्या, म्हणजे वळणावर पुस्तकं मागे टेकावीत, पुढे सांडू नयेत. तरी प्रत्येक खणाला आडवी नाडी होती, परकराला असते तशी. नाडी सैल झाली की काका मला हाक मारायचे. पंधरा वर्षांत त्या गाडीच्या सगळ्या नाड्या मी निदान चारदा बदलल्या असतील.

गाडी कुणाची, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. कागदोपत्री ती पंचायत समितीची होती. पुस्तकं, नोंदवह्या आणि ग्रंथपाल मॅडम तालुक्याच्या जुन्या वाचनालयाच्या. ड्रायव्हरकाका मानधनावर. एकतीस थांबे, चौदा ग्रामपंचायती. कागदावरच्या त्या एका नावानेच पुढे घात केला.

2023 च्या फेब्रुवारीत मॅडमनी पारावर बसून सांगितलं. केंद्र सरकारचा नवा नियम आलाय. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपणार. केंद्राच्या, राज्याच्या, महापालिकांच्या, पंचायतींच्या, एसटीच्या, सगळ्यांच्या. तुमच्या-माझ्या गाडीला फिटनेस करून पुढे चालवता येतं, सरकारी गाडीला ती सोय नाही. ती भंगारात. आमची गाडी चांगली होती हो. एक पत्रा गंजला होता आणि रिव्हर्स जरा कुरकुरत पडायचा, बस. पण नियमाला रिव्हर्स कसा पडतो ते दिसत नाही.

28 मार्चला, मंगळवारीच, शेवटची फेरी झाली. एरवी एका सभासदाला दोनच पुस्तकं मिळायची. त्या दिवशी मॅडमनी नियम बाजूला ठेवला. "घ्या काय घ्यायची ती. परत कधी आणि कशी न्यायची ते मला तरी कुठे माहितीये," असं म्हणाल्या आणि नोंदवहीत सह्या घेत राहिल्या. त्या पंधरवड्यात एकतीस थांब्यांवर मिळून 640 पुस्तकं बाहेर गेली. मॅडमचा तो भाबडेपणा पुढे आमच्या किती कामाला येणार होता, हे तेव्हा त्यांना किंवा मला कळणं शक्य नव्हतं.

पहिला घोळ मीच घातला. चळवळ म्हणजे सह्या, एवढंच मला माहीत. गिरणीच्या संपाच्या गोष्टी ऐकत वाढलेली मी. 1 मेच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा आणि त्याला सह्यांची जोड द्यायची, असं ठरवलं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते आणि तिथे ठरलेलं ग्रामसभेपुढे ठेवावं लागतं. हा नियम आहे, पण आमच्याकडे तोवर महिला सभा म्हणजे अंगणवाडीच्या ताईंनी घरोघर वही फिरवून सह्या आणायच्या, अशीच व्हायची. त्या वर्षी खरीच भरली. बायका बसल्या, चहा झाला, पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं आणि शेवटी गाडीचा विषय निघाला. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ठराव एकमताने पास. एकमत कारण कुणाचा खिसा हलत नव्हता.

मे महिना, घरोघर मुंबईकर आलेले. आम्ही ओटी-ओटी फिरलो आणि 611 सह्या जमवल्या. मी खूश. जूनच्या सुरुवातीला पाच जणी एसटीने तालुक्याला गेलो. मार्च 2022 पासून निवडणुकाच न झाल्यामुळे पंचायत समितीला सभापती नव्हते, सदस्य नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. एरवी एखाद्या सदस्याला त्याच्या दारात जाऊन मतांची आठवण करून देता येते. आता ज्याला मतं लागतात असा माणूसच इमारतीत नव्हता.

प्रशासक साहेब वाईट नव्हते. पाणी दिलं, बसायला सांगितलं. सह्यांची पानं उलटता उलटता तिसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, ही माणसं राहतात कुठे?"

मी म्हटलं, "इथलीच आहेत, साहेब."

"इथलीच आहेत. राहतात कुठे?"

माझ्याबरोबरच्या काकू भोळेपणाने म्हणाल्या, "हा नालासोपाऱ्याला, हा दिव्याला, ही भांडुपला."

निम्म्याहून जास्त सह्या मुंबईकरांच्या निघाल्या. वर एक नाव दिवाळीत वारलेल्या आजोबांचं होतं. नातवाने 'आजोबांच्या वतीने' लिहून सही ठोकलेली. साहेबांना हसू आवरेना. "गाडी बंद झाल्याचा त्रास यांना काय होणार?" एवढंच बोलले आणि अर्जावर शेरा मारला. शेऱ्यात काय होतं ते महिन्याने टपालाने आलेल्या उत्तरात कळलं. आमच्या ग्रामपंचायतीच्या क्लार्कने ठरावात 'मोबाईल लायब्ररी पूर्ववत सुरू करणेबाबत' असं टाइप केलं होतं. वर कुणीतरी ते शब्दशः घेतलं. उत्तर असं की मोबाईलवर ई-पुस्तकं उपलब्ध असून वाचकांनी त्याचा लाभ घ्यावा. शिवाय सभासदसंख्या अवघी 212, म्हणजे प्रतिसाद अत्यल्प, सबब नवीन वाहनाचा खर्च समर्थनीय नाही.

आमच्या वाडीत मोबाईलला रेंज मिळवायची तर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या माळावर, चढावं लागतं. पण ई-पुस्तकापेक्षा मला 212 लागलं. आकडा खोटा नव्हता. सभासद तेवढेच होते. तालुकाभर गाडीची वाट बघणाऱ्या माणसांत आणि त्या 212 मध्ये काहीतरी हरवत होतं आणि ते कुठल्या कागदावर शोधायचं ते मला समजत नव्हतं.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. मागितलं काय, तर गाडीचं लॉगबुक, वर्षाचा खर्च आणि वाचनालयाशी झालेला करार. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. डिझेल, विमा, दुरुस्ती आणि काकांचं मानधन धरून वर्षाला साधारण सव्वादोन लाख. हा आकडा हातात आल्यावर मी पहिल्यांदा नीट झोपले. तोवर मला वाटायचं आपण पंधरा-वीस लाखांची मागणी करतोय.

कुणी म्हणेल, वाचनालयाला सरकारी अनुदान असतं, त्यातून भागवा. 2022 च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने सार्वजनिक ग्रंथालयांचं अनुदान 60 टक्क्यांनी वाढवायचं ठरवलं होतं, तेही पेपरात येऊन गेलं होतं. मॅडमनी मला कागदावर मांडून दाखवलं. कर्मचाऱ्यांचे पगार, पुस्तकखरेदी, पेपरची बिलं, वीज, पावसाळ्यात गळणारं छप्पर. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली ग्रंथालयाला अ, ब, क, ड वर्ग मिळतो तो पुस्तकं, सभासद, वृत्तपत्रं-नियतकालिकं, कामाचे तास यांच्यावरून. गाडी किती किलोमीटर फिरली याला रकाना नाही. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान निधी योजनांत फिरत्या ग्रंथालयाला मदत बसते, पण तो कागद राज्यामार्फत जातो. मॅडमनी तोही पाठवला. अजून फिरतोच आहे.

त्यातच जुलैत वाचनालयाची साठा पडताळणी आली. 640 पुस्तकं बाहेर, गाडी नाही, आणायची कुणी? कार्यकारिणीतल्या एकाने मॅडमना बरंच सुनावलं म्हणे. मी म्हटलं, आम्ही आणतो. चौदा गावांतल्या मिळून नऊ बायका तयार झाल्या. आशाताई दोघी, एक भजनी मंडळातली, बाकी माझी गिऱ्हाइकं. मॅडमनी नोंदवहीची झेरॉक्स दिली आणि आम्ही छत्र्या, प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन निघालो.

पहिल्याच दिवशी मला माझं हरवलेलं सापडायला लागलं. ज्याच्या नावावर पुस्तक, त्याच्या घरी पुस्तक नाही.

"ते होय? ते वरच्या घरात दिलं."

वरच्या घरात गेलं की, "ते माझ्या भावजयीने माहेरी नेलं, आणलं की सांगते."

काजूच्या कलमांवरचं एक पुस्तक आठवीतल्या मुलाच्या नावावर होतं. सापडलं पऱ्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, वाडीत, कलमं बांधणाऱ्या एका बाबांकडे. खुंट कापायच्या चित्राच्या पानावर त्यांच्या अंगठ्याचे मातीचे चार ठसे. पोलीस भरतीचं एक जाडजूड पुस्तक कुणाकडेच पूर्ण नव्हतं. तिघा पोरांनी त्याचे ब्लेडने तीन भाग केले होते, गणित एकाकडे, मराठी-सामान्यज्ञान दुसऱ्याकडे, कायदा तिसऱ्याकडे, आणि दर रविवारी अदलाबदल. मला बघून तिघांचे चेहरे उतरले. मी काही बोलले नाही. तिन्ही भाग घरी आणले, जुळवले, कण्याला टोच्याने भोकं पाडली आणि गोधडीच्या दोऱ्याने तीन टाके घालून शिवलं. दोरा लालच होता त्या दिवशी. अजून वाचनालयात ते लाल दोऱ्याचं पुस्तक म्हणूनच ओळखतात.

आणि भुतांच्या गोष्टींचं एक, खुद्द माझ्या नावावरचं. ते मी एप्रिलात शेजारी दिलं होतं आणि विसरले होते. सहा घरं पालटून ते आशाताईंच्या ओटीवर पोचलं होतं. चौथीतली मुलगी कंदिलाशी बसून वाचायची, लाइट गेलेली असायची म्हणून कंदील, आणि समोर म्हाताऱ्याकोताऱ्या. मी गेले त्या रात्री मोजले. अकरा जणी. नोंदवहीत एक नाव, माझं.

त्या रात्री घरी येऊन मी शिलाईच्या मापांची जुनी वही उलटी केली आणि मागच्या बाजूने चार रकाने आखले. कुणाच्या नावावर. सापडलं कुठे. मध्ये कुणाकुणाकडे. ऐकणारे किती. बाकीच्या आठ जणींनाही तसंच करायला सांगितलं. 640 पैकी 571 पुस्तकं मिळाली. काही वाळवीने खाल्ली, काही एका घराचं कौल उडून भिजली, एक विहिरीत पडलं, एक चाकरमान्याच्या बॅगेतून मुंबईला गेलं. मिळालेल्या 571 मध्ये ज्याच्या नावावर त्याच्याच घरात सापडली फक्त 148. बाकी सगळी हिंडत होती. गाडी बंद झाल्यावरही.

हा कागद घेऊन आता कुठे जायचं? ग्रामसेवक भाऊंनी लोकशाही दिन सुचवला, म्हणजे अधिकाऱ्यांपुढे उभं राहून तक्रार मांडायचा दिवस. तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. मी मोठं सामूहिक निवेदन तयार केलं, चौदा गावांचं, वहीतले आकडे लावून. खिडकीवरच्या माणसाने वाचलंसुद्धा नाही. "सामूहिक चालत नाही. तक्रार वैयक्तिक पाहिजे. नमुन्यात पाहिजे. पंधरा दिवस आधी पाहिजे." त्या क्षणी त्याचा राग आला. एसटीत बसल्यावर डोक्यात उजेड पडला. वैयक्तिक पाहिजे ना? मग वैयक्तिकच देऊ.

43 अर्ज भरले. प्रत्येकाचा वेगळा, ज्याचा त्याच्या तोंडचा. कुणालाही 'गाडी सुरू करा' असं लिहायचं नाही, आपली अडचण लिहायची, एवढंच सांगितलं होतं. पऱ्यापलीकडच्या एका काकूंनी लिहिलं, "कादंबरीचा पहिला भाग वाचून झाला आहे. दुसरा भाग 28 मार्चपासून गाडीत आहे. त्यातील सून घरी परत येते की नाही हे मला कळलेले नाही." भरतीच्या पोरांपैकी एकाने परीक्षेची तारीख लिहिली. कलमांच्या बाबांनी पुस्तक परत द्यावं लागल्याबद्दलच तक्रार केली, म्हणजे खरं तर माझ्याविरुद्ध. तीही लावली. सासूबाईंनी मला लिहायला बसवलं. "मला वाचता येत नाही. गाडी होती तेव्हा माझ्यासाठी पुस्तक येत असे. आता येत नाही." खाली डाव्या हाताचा अंगठा. शाई पुसायला त्यांनी माझ्याच पदराचं टोक घेतलं.

21 ऑगस्टला तालुक्याच्या लोकशाही दिनी आमच्या 43 नावांचा पुकारा व्हायला लागला तेव्हा दालनातली चुळबुळ आपोआप थांबली. रस्ता, सातबारा, रेशनकार्ड यांच्या मधेच 'सून घरी परत येते की नाही'. तहसीलदारांनी ते मोठ्याने वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. निकाल मात्र शून्य. हा विषय या स्तरावरचा नाही, असा लेखी शेरा. तो शेराच आम्हाला हवा होता, कारण तालुक्याला दाद मागितल्याचा कागद असल्याशिवाय जिल्ह्याला उभं करत नाहीत.

सप्टेंबरात गणपती, 19 तारखेला. मंगळवारच. पुन्हा मुंबईकर आले, आणि या वेळी मी त्यांच्याकडे सह्या मागितल्या नाहीत. मंडळाची सभा मागितली. आमच्या पट्ट्यातल्या गावांची मुंबईत नऊ मंडळं आहेत. ऑक्टोबरात सासूबाई गेल्या. बाराव्यानंतर आठवड्याने मी आणि मॅडम दिवा पॅसेंजर धरून मुंबईला गेलो, परळला एका शाळेच्या वर्गात रविवारची सभा होती. लहान मुलांच्या बाकांवर पन्नाशी-साठीची माणसं गुडघे वर करून बसलेली.

विषयपत्रिकेत गावच्या वेशीवर कमान बांधणं होतं. आमचा विषय शेवटी. कमान चार लाखांची. सिमेंटची, वर दोन हत्ती. एक गृहस्थ म्हणाले, "कमानीमुळे गावाची ओळख राहते." मला बोलायला उठवलं तेव्हा मी कमानीबद्दल काही बोलायचं नाही असं मनाशी ठरवून उठले आणि पहिलं वाक्य कमानीबद्दलच बोलले. कमानीखालून जाणारं काय ते आधी ठरवा, म्हटलं. थोडा गोंधळ झाला.

मॅडमनी सावरलं. त्यांनी सयाजीरावांची गोष्ट काढली. 1910 मध्ये महाराजांनी बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणले, आणि त्या संस्थानातल्या खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची, पेटी यायची, वाचून झाली की पुढच्या गावाला. मग 1931 साल. तंजावर जिल्ह्यात मन्नारगुडीच्या आसपास ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या प्रेरणेने बैलगाडीतून वाचनालय सुरू झालं. "बैलगाडीला पंधरा वर्षांचा नियम नव्हता," मॅडम म्हणाल्या. या एका वाक्याने जे झालं ते माझ्या सगळ्या आकड्यांनी झालं नसतं. हशा पिकला आणि हशा पिकला की कोकणी माणूस खिशात हात घालतो, निदान कमानीतून एक हत्ती कमी करतो.

पैसे जमले, पण भांडणासकट. गाडीवर कुणाचं नाव मोठं? नऊ मंडळं, नऊ नावं, वर देणगीदार. शेवटी सगळी एकाच मापाची आणि अकारविल्हे, असं ठरायला तीन रविवार गेले. एका मंडळाने याच मुद्द्यावर पैसे परत घेतले.

नोव्हेंबरचा जिल्ह्याचा लोकशाही दिन ग्रामपंचायत निवडणुकांच्या आचारसंहितेत गेला. 4 डिसेंबरला उभं राहिलो. 43 पैकी 42 अर्ज. मोठ्या साहेबांनी सात मिनिटं दिली. मी शिलाईची वही पुढे केली. त्यांनी एक पान वाचलं, मग दुसरं. 'ऐकणारे किती' या रकान्यावर थांबून विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. त्यांनी जवळच्या अधिकाऱ्याला बोलावून संयुक्त बैठक लावायला सांगितलं. नवीन सरकारी गाडी मिळणार नाही हे त्यांनी तिथेच स्पष्ट केलं, आणि मला ते आवडलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी सरळ नाही म्हटलं होतं.

बैठकीत ठरलं ते असं. गाडी वाचनालयाने स्वतःच्या नावावर घ्यायची, म्हणजे तो नियम पुन्हा आड येणार नाही. ग्रामपंचायतींनी ठराव करून आपल्या स्वनिधीतून वर्षाला सहा हजार द्यायचे. थांबे शाळेच्या पटांगणात, म्हणजे पोरांना यायला सोपं. चौदापैकी नऊ ग्रामपंचायतींनी ठराव दिला. दोघींनी सांगितलं, निवडणूक नुकतीच झाली, अजून घडी बसायची आहे. तिघींनी उत्तरच दिलं नाही.

सेकंडहॅन्ड इको व्हॅन घेतली. बॉडी नाही, मागच्या सीटा काढून रॅक बसवले. फळ्या बोटभर उचलायला मी सुताराच्या डोक्यावर उभी राहिले, तो म्हणत होता लेव्हल चुकतेय बाई. खण कमी, पुस्तकं जुन्या गाडीच्या निम्मी. ड्रायव्हरकाकांना वयामुळे जमणार नव्हतं. त्यांचा पुतण्या आला. तो एकदाच हॉर्न देतो आणि तोही लांब. पहिल्या मंगळवारी निम्मी वाडी दूधवाला समजून किटली घेऊन आली.

थांबे एकतीसचे एकोणीस झाले. बारा गेले. ज्या पंचायतींनी ठराव दिला नाही त्यांचे काही, आणि काही निव्वळ चढामुळे, कारण इको त्या घाटीला दम टाकते. गेलेल्या बारांत सगळ्यात वरची वाडीही गेली. दुसऱ्या भागाची वाट बघणाऱ्या काकू तिथल्याच. त्यांना मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही केलंत ते खूप केलंत हो." हे वाक्य मला शिवीसारखं लागलं.

बडोद्याच्या पेट्यांची कल्पना मॅडमनी तिथे लावली. पेटी जड, म्हणून तांदळाची धुतलेली गोणी, मी आतून अस्तर घालून शिवलेली, तोंडाला नाडी. एका गोणीत वीस पुस्तकं. दूध गोळा करणारा मुलगा मोटरसायकलवरून दर पंधरा दिवसांनी वर नेतो, रिकामे कॅन एका बाजूला आणि गोणी दुसऱ्या बाजूला. पहिल्या गोणीत सगळ्यात वर कादंबरीचा दुसरा भाग ठेवला होता.

मागच्या मंगळवारी गोणी खाली आली. आत फणसाच्या आठळ्यांची पिशवी आणि पुस्तकं एकोणीस. कागदाच्या चिटोऱ्यावर काकूंचं अक्षर होतं. दुसरा भाग राहू दे, खालच्या घरातल्या तिघींचा अजून व्हायचा आहे, त्यांना सून आली की नाही ते सांगितलेलं नाही. मी नोंदवही उघडली. नावाच्या रकान्यात काकू, 'ऐकणारे'च्या रकान्यात तीन मांडले आणि परतीच्या तारखेची जागा कोरी सोडली.